मूठभर ज्वारी, एक डॉलर

गंगाखेडला आमच्या स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात एक लहानसे मडके असे. दळणाची ज्वारी निवडायला बसण्याआधी आजी एक मूठ त्यात टाकी. आठवड्याने कुणी स्वयंसेवक येई आणि मडके झोळीत रिकामे करून नेई. मुष्टिफंड म्हणत त्याला. मी एकदा विचारले, "आजी, ही जवारी खातं कोण गं?"

"ज्याला भूक लागंल ते खाईल. तुला कशाला पाहिजेत त्याच्या चवकशा?"

आजीचे हे बेफिकीर दान आठवले की मला अमेरिकेतल्या त्या बायका आठवतात. 1886 साली पंडिता रमाबाई आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदानाला तिकडे गेल्या आणि मग व्याख्याने देत गावोगाव हिंडल्या. 1887 च्या डिसेंबरात बोस्टनला रमाबाई असोसिएशन निघाली. अध्यक्ष पाद्री एडवर्ड एव्हरेट हेल. बरोबरीचे पदाधिकारी निरनिराळ्या चर्चचे. ठिकठिकाणी 'रमाबाई मंडळे' स्थापन झाली, आणि चर्चला जाणाऱ्या साध्यासुध्या बायकांनी वर्षाला निदान एक डॉलर, असा 10 वर्षे देण्याचा शब्द दिला. कुणासाठी? तर इकडच्या बालविधवांसाठी. पुणे नकाशावर कुठे आहे, हेही त्यांतल्या पुष्कळजणींना सांगता आले नसते. आजीचेच मडके म्हणा ना!

पण आजीने मुठीला अट घातली नव्हती. बोस्टनने घातली, आणि ती मोठ्या मनाची होती : शाळेत धर्म शिकवायचा नाही. त्या पैशावर 11 मार्च 1889 रोजी मुंबईत शारदा सदन उघडले. पुढच्या वर्षी ते पुण्यास आले. रमाबाई स्वतः ख्रिस्ती. त्या आपल्या खोलीत प्रार्थना करीत, दार उघडे असे, आणि काही मुली आत जाऊन बसत. 1893 साली यावरून गहजब झाला. केसरीने टीकेची झोड उठवली, रानडे-भांडारकरांनी सल्लागारपद सोडले, पालकांनी मुली काढून नेल्या.

पालकांचा राग मला समजतो. अटीवर विसंबूनच त्यांनी पोरी धाडल्या होत्या. पण कुणाच्या तरी डॉलरसाठी बाईंनी स्वतःच्या प्रार्थनेचे दार लावून घ्यावे, हेही मनाला पटत नाही. आणि या साऱ्या वादात, त्या उघड्या दारातून आत जाणाऱ्या मुलीला काय वाटत होते, याची चौकशी कितीजणांनी केली असेल?

मला हे बोचते, कारण मीही घेणाऱ्यांतलाच. परभणीला कॉलेजात असताना माझी फी एक संस्था भरी. दर दिवाळीला देणगीदारांना पत्र लिहायचे. मजकूर आनंदी असावा, अशी सूचना असे. ज्या वर्षी आजी गेली, त्या वर्षीही मी "आपल्या कृपेने सर्व कुशल" असेच लिहिले. कुणी सक्ती केली नव्हती. खरे लिहिले तर फी थांबेल, असे मलाच वाटले. देणारे बिचारे भले असतील. ते पत्र वाचून त्यांची दिवाळी गोड झाली असेल, आणि मला मात्र त्यांचा राग आला.

बोस्टनकरांची मला सर्वांत आवडते ती 10 वर्षांची मुदत. देणे कधी संपणार, हे त्यांनी आधीच सांगितले होते. मुदत संपल्यावर नवी संस्था निघून पैसे येतच राहिले, ही गोष्ट निराळी.

यंदा आमच्याकडेही एका दूरच्या शाळेसाठी वर्गणी मागायला मुले आली होती. मी पैसे दिले. पावतीबरोबर एक कार्ड मिळाले : विद्यार्थ्याचे पत्र हवे असल्यास खूण करा.

पेन हातात घेऊन मी बराच वेळ उभा होतो.