आपल्या जबाबदारीवर

माझ्या विमानात उजव्या सीटच्या बरोबर समोर एक छोटी पाटी आहे. तिच्यावरच्या इंग्रजीचा अर्थ साधारण असा: हे विमान हौशी माणसाने बांधलेलं आहे आणि प्रमाणित विमानांसाठी असलेले सरकारी सुरक्षा-नियम ते पाळत नाही. बाहेर, आत शिरताना दिसेल अशा जागी, मोठ्या अक्षरांत आणखी एक शब्द आहे: 'एक्स्पेरिमेंटल'. दोन्ही पाट्या अमेरिकेच्या कायद्याने सक्तीच्या केलेल्या आहेत.

आपल्याकडे मंगल कार्यालयाबाहेर 'गाड्या आपल्या जबाबदारीवर लावाव्यात' असं लिहिलेलं असतं. एकदा पाटी लावली की कार्यालयाचा मालक मोकळा. विमान घेतलं तेव्हा मलाही ही पाटी त्याच जातीची वाटली होती. सांगितलं, संपलं. आता बसायचं की नाही ते बसणाऱ्याने ठरवावं.

मग त्या उन्हाळ्यात सांगलीहून आई आणि अण्णा माझ्याकडे आयोवाला तीन महिने राहायला आले. पहिल्याच आठवड्यात अण्णा म्हणाले, "मला कधी नेतोस वर?" तेव्हापासून ती पाटी मला वेगळी दिसायला लागली.

•

आधी विमानाबद्दल. दोन सीटचं, अॅल्युमिनियमचं, नव्या पिकअप ट्रकच्या किमतीत मिळालेलं. ते कुठल्याही कारखान्यात जोडलेलं नाही. एका निवृत्त माणसाने किट मागवून स्वतःच्या गॅरेजमध्ये ते आठ वर्षं जोडलं. हजारो रिव्हेट त्याने हाताने मारले. तब्येतीमुळे त्याचं उडणं थांबलं आणि त्याने ते मला विकलं.

अमेरिकेत हे सर्रास चालतं. घरी विमान बांधणाऱ्यांची संघटना तिथे १९५३ पासून आहे आणि दर उन्हाळ्यात विस्कॉन्सिनमधल्या ऑशकॉश गावी तिची मोठी जत्रा भरते. कायद्याची अट एवढीच, की विमानाचा निम्म्याहून जास्त भाग हौशी माणसाने स्वतः बांधलेला हवा, आणि तो 'स्वतःच्या शिक्षणासाठी किंवा विरंगुळ्यासाठी' बांधलेला हवा. यालाच बोलीभाषेत एक्कावन्न टक्क्यांचा नियम म्हणतात.

आपल्याकडे हा प्रश्न वेगळ्या टोकाने येतो. कॅप्टन अमोल यादव यांनी कांदिवलीच्या गच्चीवर सहा सीटचं विमान बांधलं. ते २०१६ साली मुंबईच्या 'मेक इन इंडिया' प्रदर्शनात लोकांनी पाहिलं आणि त्याची नोंदणी व्हायला २०१७ उजाडलं. आपलं सरकार विचारतं, 'तुला परवानगी का द्यावी?' अमेरिकेचं सरकार, तपासणी आणि सुरुवातीची चाचणी-उड्डाणं झाली की, म्हणतं, 'पाटी लाव आणि जा.' चाचणीच्या त्या पहिल्या पंचवीस किंवा चाळीस तासांत मात्र प्रवासी न्यायचा नाही.

मला अमेरिकेची पद्धत जास्त आवडते. पण विकत घेतल्यावर तिच्यातली एक फट दिसली. कायद्याने ही सवलत दिली ती शिकण्यासाठी. ज्याने प्रत्येक तार स्वतः ओढली, त्याला ती कुठून कुठे जाते हे माहीत असतं. बांधणाऱ्याला त्या एका विमानापुरतं एक प्रमाणपत्रही मिळतं. त्याच्या जोरावर तो विमानाच्या वार्षिक तपासणीवर स्वतः सही करू शकतो. विमान विकलं की सवलत विमानासोबत नव्या मालकाकडे येते. ते प्रमाणपत्र येत नाही. म्हणजे शिकण्याच्या नावाने दिलेली मोकळीक मी विकत घेतली होती. शिकणं मात्र त्या म्हाताऱ्याच्या डोक्यात आणि बोटांतच राहिलं होतं.

•

याचं सगळ्यात प्रसिद्ध उदाहरण एका गायकाचं आहे. 'कंट्री रोड्स' गाणारा जॉन डेन्व्हर १२ ऑक्टोबर १९९७ रोजी कॅलिफोर्नियाच्या माँटेरे उपसागरात विमान कोसळून गेला. त्याला उडण्याचा अडीच हजारांहून जास्त तासांचा अनुभव होता. विमान 'लाँग-ईझी' जातीचं, नकाशांवरून दुसऱ्या कुणीतरी घरी बांधलेलं, त्याने नुकतंच विकत घेतलेलं.

मूळ नकाशात इंधनाची टाकी बदलायचा खटका वैमानिकाच्या पायांमध्ये, हाताशी होता. बांधणाऱ्याने तो वैमानिकाच्या डाव्या खांद्यामागे बसवला. का? तर पेट्रोलची नळी कॉकपिटमध्ये येऊ नये म्हणून. त्याच्या परीने तो सुरक्षेचाच विचार होता. खटक्यावर खुणा नव्हत्या. चौकशीचा निष्कर्ष असा, की तो खटका फिरवण्याच्या खटपटीत डेन्व्हरचं लक्ष उडवण्यावरून ढळलं, नकळत उजव्या पायाचा दाब पडला आणि ताबा गेला. इंधनाचं नीट नियोजन केलं नाही आणि या विमानाचं पुरेसं प्रशिक्षण घेतलं नाही, याचा दोषही अहवालाने त्याच्यावर ठेवला.

एका माणसाने केलेला सोयीस्कर बदल दुसऱ्या माणसासाठी सापळा झाला. बदल करताना पहिल्याच्या मनात वाईट काहीच नव्हतं.

आणि हा प्रकार अपवादात्मक नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने २०१२ साली अशा विमानांचा अभ्यास केला. छोट्या विमानांच्या ताफ्यात ही विमानं सुमारे १० टक्के. पण २०११ सालच्या अपघातांत त्यांचा वाटा सुमारे १५ टक्के, आणि जीवघेण्या अपघातांत २१ टक्के. त्या वर्षी अपघात झालेल्या घरगुती विमानांपैकी निम्म्याहून जास्त विमानं मालकाने स्वतः बांधलेली नव्हती, वापरलेली विकत घेतलेली होती. माझ्यासारखी.

माझ्याही विमानात एक गोष्ट निघालीच. टाक्या बदलायच्या खटक्याला दोन टोकं होती, एक लांब आणि एक आखूड. मला वाटायचं, लांब टोक जिकडे ती टाकी चालू. प्रत्यक्षात आखूड टोक खरं होतं. बांधणाऱ्याला हे सांगावंसं वाटलं नाही, कारण आठ वर्षं जोडून पुढे पंधरा वर्षं उडवणाऱ्याला ते सांगण्यासारखं वाटतच नाही. आपल्या घरातलं कुठलं बटण कुठल्या पंख्याचं हे आपण पाहुण्याला कुठे आधीच सांगतो? मला ते जमिनीवरच कळलं, एवढंच माझं नशीब. मी आखूड टोकाला लाल रंग दिला.

•

दुसरा धडा शेपटीच्या चाकाचा. हल्लीच्या बहुतेक छोट्या विमानांना तिसरं चाक नाकाखाली असतं. माझ्या विमानाला ते शेपटीखाली आहे. हातगाडी ओढत नेली तर सरळ मागे येते. ढकलत नेली तर जरा तिरकी झाली की आणखी तिरकी होत जाते. नाकाखाली चाक असलं की विमानाचं वजन मुख्य चाकांच्या पुढे राहतं आणि चाकांना ओढतं. शेपटीखाली चाक असलं की वजन मागे असतं आणि ढकलतं. जमिनीवर टेकल्यावर विमान थोडं वळलं आणि पायांनी लगेच सावरलं नाही, तर शेपूट पुढे यायला बघते आणि विमान स्वतःभोवती गर्रकन फिरतं.

म्हणून त्याचं वेगळं प्रशिक्षण असतं आणि प्रशिक्षकाची वेगळी सही लागते. किती तासांनी, ते कायदा सांगत नाही, जमेल तेव्हा. मला चौदा तास लागले. आधीच्या विमानात टेकलं की मी सुटकेचा श्वास सोडायचो. इथे तीच चूक. माझी प्रशिक्षक एकच सांगायची: चाकं टेकली म्हणजे उतरणं संपलं नाही, दोरीने बांधलं की संपलं. तिने पहिल्याच दिवशी विचारलं होतं, "माझ्या बाजूला ब्रेक का नाहीत?" बांधणाऱ्याने उजव्या बाजूला ब्रेक बसवलेच नव्हते. ती थोडा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, "म्हणजे मला तुझ्यावर विश्वास ठेवावा लागेल. बरं, मग आज फक्त जमिनीवर फिरू."

तेव्हा मी हसलो होतो. नंतर लक्षात आलं की धोका समजून विश्वास ठेवणं म्हणजे काय, हे तिने मला करून दाखवलं होतं. काय नाही ते तिने पाहिलं, त्याचा अर्थ तिला कळला, आणि तिने किती पुढे जायचं ते स्वतः ठरवलं.

•

अण्णांना यातलं काय कळणार होतं?

मी त्यांना पाटी मराठीत वाचून दाखवली. टक्केवारी सांगितली. डेन्व्हरची गोष्टही सांगितली. ते शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, "तू चालवणार आहेस ना? मग झालं."

कायद्याच्या हिशोबाने माझं काम संपलं होतं. प्रवाशाला धोक्याची कल्पना द्यावी, असा नियम आहे. ती दिली होती. पण अण्णांचा होकार विमानाला नव्हता, मला होता. आपण फोनवर अॅप घेताना अटी न वाचता 'मान्य' दाबतो, तसाच तो. फरक एवढाच की अॅपवर आपलं प्रेम नसतं. जो आपल्यावर प्रेम करतो, त्याला धोका सांगितला तरी तो ऐकू जात नाही. त्याला आपण ऐकू येतो.

आणि त्या प्रेमाच्या पलीकडे तो गॅरेजमधला म्हातारा होता. अण्णांचा विश्वास माझ्यावर, माझा त्या म्हाताऱ्याच्या रिव्हेटांवर. अण्णा त्याला ओळखतही नव्हते. विश्वास असा हातोहात पुढे सरकवता येत नाही. मधल्या माणसाने आपल्या वाट्याचा भाग तपासूनच पुढे द्यायचा असतो.

मित्र म्हणाला, "अरे, तू पण त्याच विमानात असणार ना? तुझाही जीव आहेच की." हा युक्तिवाद मला बरेच दिवस पटत होता. मग वाटलं, दारू पिऊन गाडी चालवणाराही त्याच गाडीत बसलेला असतो. स्वतःचा जीव पणाला लावला म्हणून दुसऱ्याचा लावायचा हक्क मिळत नाही.

शेवटी प्रश्न अण्णांनीच सोडवायला घेतला. ते एसटीच्या वर्कशॉपमध्ये पस्तीस वर्षं होते. एका रविवारी हँगरमध्ये येऊन म्हणाले, "उघड बघू इंजिन." मी वरचं झाकण काढलं. चष्मा वर करून ते तासभर बघत राहिले. नट सुटू नयेत म्हणून तारेने बांधलेले होते, त्यातली एक तार त्यांनी बोटाने हलवून पाहिली. मग विचारलं, "शेवटची सही कोणाची?" परवानाधारक मेकॅनिकची, मी म्हणालो. "आणि तू स्वतः काय काय उघडून बघितलंस?" मी यादी सांगायला लागलो. ती लवकर संपली.

पुढचे तीन आठवडे आम्ही दर शनिवारी एकेक भाग उघडला. मेकॅनिक सोबत असायचा. अण्णा इंग्रजी न बोलता त्याच्याशी बोलायचे. लाल रंगाचं ते टोक त्यांनी चार वेळा फिरवून बघितलं आणि म्हणाले, "हे आधी का नाही सांगितलंस?" मी सांगितलं होतं. पण तेव्हा त्यांना मी ऐकू येत होतो, खटका नाही.

मग एका शनिवारी सगळं तयार असताना ते म्हणाले, "आज नको."

"का?"

"तू त्या वाऱ्याच्या पिशवीकडे सारखा बघतोयस."

बाजूचा वारा होता. माझ्या आवाक्यातला, असं मी स्वतःला समजावत होतो. आम्ही घरी जाऊन चहा घेतला. मला हायसं वाटलं, आणि ते फक्त वाऱ्यामुळे नाही. इतके दिवस त्यांचा होकार मला पेलवत नव्हता, कारण त्यात नकाराची जागाच नव्हती. आता ती झाली होती.

आठ दिवसांनी पहाटे सहाला वारा पडलेला होता. अण्णा स्वतःहून म्हणाले, "चल." वीस मिनिटं आम्ही मक्याच्या शेतांवर फिरलो. ते फारसं बोलले नाहीत. उतरताना त्यांनी दोन्ही हात मांडीवर घट्ट धरून ठेवले होते. चाकं टेकली, शेपूट खाली आली, माझे पाय चालूच होते. इंजिन बंद करून विमान दोरीने बांधून होईपर्यंत ते जवळ उभे राहिले.

गाडीत बसल्यावर म्हणाले, "तुझ्या आईला काही सांगायचं नाही."

मी गाडी सुरू केली. आई घरी नाश्त्याला थांबली होती. आम्ही विमान धुवायला गेलोय, असं तिला वाटत होतं. आमच्या दोघांनंतर जिला सगळ्यात जास्त गमवावं लागलं असतं, तिला ती पाटी आम्ही दोघांनीही वाचून दाखवली नव्हती.