आलेलुयाचा उपवास



येत्या बुधवारी आपण कपाळावर राख घेणार आणि प्रायश्चित्तकाळाला सुरुवात होणार. त्या दिवसापासून साडेसहा आठवडे, म्हणजे ईस्टरच्या जागरणविधीपर्यंत, एक शब्द आपल्या चर्चमध्ये ऐकू येणार नाही. तो शब्द म्हणजे 'आलेलुया'. शुभवर्तमानाच्या वाचनाआधी आपण नेहमीप्रमाणे उभे राहू, पण आलेलुयाऐवजी दुसरा जयघोष गाऊ. या दिवसांत काय खायचे आणि काय वर्ज्य करायचे याची चर्चा घरोघरी होते. मात्र ख्रिस्तसभा एका शब्दाचाही उपवास करते, याकडे आपले फारसे लक्ष जात नाही.

देवाची स्तुती करायला कोणता काळ वर्ज्य आहे? कोणताच नाही. मग हा शब्द का थांबवायचा?

'आलेलुया' हा मूळ हिब्रू शब्द. 'हलेलू' म्हणजे स्तुती करा आणि 'याह' हे परमेश्वराच्या नावाचे संक्षिप्त रूप. ज्या नावाचा उच्चार करायलाही यहुदी लोक कचरत, ते नाव या शब्दात दडलेले आहे. नव्या करारात हा शब्द फक्त प्रकटीकरणाच्या १९व्या अध्यायात येतो, तोही केवळ चार वेळा. वल्हांडण सणाच्या भोजनात यहुदी लोक ११३ ते ११८ ही स्तोत्रे गातात. त्यांतल्या काही स्तोत्रांत हा शब्द आहे. शेवटच्या भोजनानंतर येशू आणि त्याचे शिष्य स्तोत्र गाऊन जैतुनाच्या डोंगराकडे निघाले, असे संत मत्तय व संत मार्क सांगतात. ते बहुधा याच स्तोत्रांपैकी असावे, असे पुष्कळ अभ्यासक मानतात. तसे असेल, तर गेथशेमनीच्या वाटेवर निघण्याआधी प्रभूच्या ओठांवर आलेलुया होता. म्हणूनच हा शब्द हलका नाही.

मध्ययुगात युरोपात या शब्दाला निरोप देण्याचीही प्रथा होती. फ्रान्समधल्या तूल शहराच्या कॅथेड्रलमध्ये १५व्या शतकात गायनवृंदातली मुले क्रूस, मेणबत्त्या, पवित्र पाणी व धूप घेऊन मिरवणुकीने निघत. बरोबर मातीचे एक ढेकूळ नेत आणि आलेलुयाला जणू मूठमाती देत. आज आपल्याला याचे हसू येईल. पण त्या मुलांना एक गोष्ट नक्की समजत असेल : जो शब्द काही काळ ओठांवर येत नाही, त्याची मन वाट पाहते.

आता आपल्या रोजच्या शब्दांकडे पाहू या. गावात कुणी देवाघरी गेले की अर्ध्या तासात मोबाईलवर 'भावपूर्ण श्रद्धांजली'ची रांग लागते. एकाने लिहिलेले दुसरा तसेच पुढे ढकलतो. दहा मिनिटांनी त्याच ग्रुपवर कुणाच्या वाढदिवसाचा केक येतो. 'भावपूर्ण' या शब्दात भाव किती उरला? महिन्याच्या मिस्सानंतर त्या घरातल्या विधवेची विचारपूस करायला किती जण जातात? रेशनच्या किंवा बँकेच्या कामासाठी तिच्याबरोबर कोण जाते? शंभर संदेश आले आणि घर रिकामे राहिले, तर तिने त्या शब्दांवर विश्वास कसा ठेवावा?

'तुमच्यासाठी प्रार्थना करतो' हे आपण किती सहज बोलतो! खरे म्हणजे ते देवाला साक्षी ठेवून दिलेले वचन असते. आजारी माणूस त्या वचनावर रात्र काढतो आणि आपण मात्र जिना उतरेपर्यंत त्याचे नावही विसरलेले असतो. 'सॉरी'चीही तीच गत. बसमध्ये धक्का लागला तरी सॉरी आणि बायकोचा चारचौघांत अपमान केला तरी सॉरी! एकच नाणे सगळीकडे चालवले की ते झिजते. मग ज्या दिवशी खरोखर क्षमा मागायची असते, त्या दिवशी आपल्या हातात नाणेच उरत नाही.

'चमत्कार' या शब्दाबाबत ख्रिस्तसभा किती जपून वागते, तेही पाहण्यासारखे आहे. लूर्डस येथे १८५८ साली पवित्र मरियेने दर्शन दिले. तेव्हापासून हजारो लोकांनी आपण बरे झाल्याचे कळवले. डॉक्टरांची तपासणी आणि बिशपांचा निर्णय यांतून पार पडून चमत्कार म्हणून मान्य झालेल्या घटना मात्र अजूनही शंभराच्या आतच आहेत. उरलेल्या लोकांवर देवाने कृपा केली नाही, असा याचा अर्थ नव्हे. मोठा शब्द पूर्ण खात्रीनेच उच्चारावा, एवढेच ख्रिस्तसभा त्यातून शिकवते.

कुणी विचारील, मग जपमाळेत आपण 'नमो मरिया' पुन्हा पुन्हा म्हणतो त्याचे काय? पुन्हा म्हणणे हा दोष नाही. गेथशेमनी बागेत येशूने तीच प्रार्थना त्याच शब्दांत तीनदा केली, असे संत मत्तय नोंदवतो. दर वेळी त्या शब्दांमागे त्याचे सगळे काळीज होते. शब्द पुनरुक्तीने मरत नाही. त्यामागून माणूस निघून गेला की तो मरतो.

पुनरुत्थानानंतर तिबेर्य समुद्राच्या काठी येशूने पेत्राला तीनदा विचारले, तुझे माझ्यावर प्रेम आहे का? पेत्राने तीनदा होकार दिला. येशूने त्या होकाराचे कौतुक केले नाही. प्रत्येक वेळी त्याने पेत्राच्या हाती काम सोपवले : माझ्या कळपाची काळजी घे. याच पेत्राने पूर्वी, तुझ्यासाठी प्राण देईन, असे मोठ्या आवेशाने म्हटले होते आणि त्याच रात्री कोंबडा आरवण्याआधी तीनदा नाकारले होते. त्याच्या प्रेमाच्या शब्दाला पुन्हा वजन आले ते मेंढरे राखण्यातून आणि शेवटी रोममध्ये दिलेल्या प्राणातून.

म्हणून या प्रायश्चित्तकाळात आपण तीन गोष्टी करू या. पहिली, कुणाला 'प्रार्थना करतो' म्हटले, तर त्याच क्षणी, तिथेच उभे राहून एक 'हे आमच्या स्वर्गीय पित्या' म्हणू या. दुसरी, श्रद्धांजलीचा संदेश पाठवण्याऐवजी त्या घरी जाऊ या. बोलायला काही सुचले नाही, तर गप्प बसू या. ईयोबाचे मित्र सात दिवस त्याच्याजवळ मुकाट्याने बसले होते, तोवरच ते चांगले मित्र होते! तिसरी, घरातल्या ज्या व्यक्तीला दुखावले आहे, तिची नाव घेऊन, चूक सांगून क्षमा मागू या.

असे केले तर ईस्टरच्या रात्री नव्या अग्नीनंतर, अंधारातून आलेल्या मेणबत्तीनंतर जेव्हा आलेलुया पुन्हा घुमेल, तेव्हा तो केवळ गायनवृंदाचा राहणार नाही. चाळीस दिवस त्याची वाट पाहिलेल्या माणसांचा तो असेल.

हे प्रभू येशू, तू पित्याचा शब्द आहेस आणि तू देह धारण केलास. आमच्या शब्दांनाही हातपाय दे. जे आम्ही ओठांनी बोलतो, ते जगण्याची कृपा आम्हांला दे. आमेन.