बीपीची गोळी आणि न विचारलेला प्रश्न

रक्तदाबाच्या गोळ्यांनी कामेच्छा मंदावते का, या प्रश्नावर सध्या दोनच उत्तरे फिरत असतात. ॲलोपथीने पुरुषत्व जाते, गोळ्या सोडा आणि मुळ्या-काढे घ्या, हे एक. हे सगळे मनाचे खेळ, रुग्णाला सांगूच नका म्हणजे होणारच नाही, हे दुसरे.

पहिल्यावर फार शाई खर्चायला नको. मनाची उमेद आणि इच्छा दोन्ही मलूल करणारे म्हणून जे औषध बदनाम झाले, ते आपल्या सर्पगंधेच्या मुळीतूनच आले. मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये या मुळीचा रुग्णांवरचा अनुभव मांडला आणि तिची कीर्ती जगभर झाली. पुढे १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये तिच्यातून रेसर्पिन वेगळे काढले गेले. मेंदूतल्या ज्या रसायनांवर उत्साह चालतो, त्यांचा साठाच ते रिकामा करते. मुळी देशी होती म्हणून तिने कुणाची गय केली नाही.

दुसरे उत्तर शहाण्यांचे आहे, म्हणून जास्त घातक. त्याला आधार दिला जातो तो इटलीतल्या संशोधकांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासाचा. हृदयविकाराचे नव्याने निदान झालेल्या ९६ पुरुषांना ॲटेनोलॉल सुरू केले. एका गटाला औषध कोणते तेच ठाऊक नव्हते, दुसऱ्याला नाव सांगितले, तिसऱ्याला नाव आणि लैंगिक दुष्परिणाम दोन्ही सांगितले. ताठरतेची तक्रार पहिल्या गटात सुमारे ३ टक्के, दुसऱ्यात १५ आणि तिसऱ्यात ३१ टक्क्यांनी केली. तक्रार करणाऱ्यांना पुढे व्हायग्रातले औषध किंवा नुसती खोटी गोळी दिली, तर दोन्हींचा गुण जवळपास सारखाच आला. निष्कर्ष सरळ दिसतो : भीतीच रोग घडवते, तेव्हा तोंड बंद ठेवा.

पण मधल्या गटाकडे कुणी नीट पाहत नाही. त्यांना दुष्परिणाम सांगितलाच नव्हता, फक्त औषधाचे नाव कळले होते. तरी तक्रारी पाचपट. म्हणजे डॉक्टर गप्प राहिला तरी ती माहिती कुठून तरी पोहोचलीच होती, शेजाऱ्याकडून म्हणा, साडूकडून म्हणा. सांगली असो की कुंभकोणमजवळचे आडुतुरै, औषधाच्या दुकानातला प्रकार एकच : गर्दी ओसरेपर्यंत थांबलेला पन्नाशीचा गृहस्थ, कात्रीने कापलेली अर्धी स्ट्रिप, आणि खालच्या आवाजात ‘हिच्याऐवजी दुसरी नाही का एखादी?’ याला कुणी काही सांगितलेले नसते. तरी त्याला सगळे माहीत असते, आणि बहुतेक चुकीचे.

शिवाय सगळेच मनाचे, हेही खरे नाही. अमेरिकेतल्या एका चाचणीत गोळी खरी की खोटी हे रुग्णांना माहीत नव्हते. तिथे क्लोरथॅलिडोन हे रक्तदाबाचे औषध घेणाऱ्या पुरुषांत दोन वर्षांनी ताठरतेच्या अडचणी १७ टक्के निघाल्या, खोटी गोळी घेणाऱ्यांत ८. (चार वर्षांनी हा फरक उरला नाही, हेही नोंदवले पाहिजे.) हेच क्लोरथॅलिडोन आज आपल्याकडे टेल्मिसार्टनच्या जोडीला सर्रास लिहून दिले जाते. उलट ॲटेनोलॉलसारखे बीटा-ब्लॉकर ज्या मानाने बदनाम आहेत त्या मानाने त्यांचा दोष किरकोळ. २००२ मधल्या एका एकत्रित विश्लेषणात वर्षभरात सुमारे दोनशे रुग्णांमागे एक जादा तक्रार, एवढाच हिशेब निघाला.

माझा मुद्दा मात्र टक्क्यांचा नाही. इतका वेळ आपण ‘सांगावे की नाही’ यावर भांडतो आहोत, आणि ‘विचारावे की नाही’ हा वेगळाच प्रश्न आहे. सांगणे हे डॉक्टरचे बोलणे. त्यातून अपेक्षा रुजते, हे मान्य. पण गोळी सुरू करण्याआधी ‘या बाबतीत आत्ता कसे चालले आहे?’ एवढे विचारण्याने कसली भीती रुजते? वाढलेला रक्तदाब स्वतःच धमन्या खराब करतो, आणि शिश्नाच्या धमन्या बारीक असल्याने चाहूल तिथे आधी लागू शकते. पुष्कळांची अडचण गोळीच्या आधीची असते. ती तेव्हा विचारली नाही, तर पुढे सगळे खापर गोळीवर फुटते आणि माणूस ती परस्पर बंद करतो. बीटा-ब्लॉकर अचानक थांबवले तर हृदयावर ताण येतो. किंवा तो दुकानातून ताठरतेची गोळी उचलतो, आणि छातीदुखीसाठी नायट्रेट चालू असेल तर रक्तदाब जिवावर बेतेल इतका घसरू शकतो. विचारले असते तर निदान गोळी बदलून पाहता आली असती. बीटा-ब्लॉकर हवाच असेल तर नेबिव्होलॉल आहे, नाहीतर सार्टन गटातली औषधे आहेत. त्यांचा या बाबतीत त्रास कमी.

वेळ नसतो, हा बचाव मला पटत नाही. मीठ किती खाता हे विचारायला वेळ असतो. र. धों. कर्वे १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ मासिकातून या विषयावर उघड बोलत होते. वाचकांच्या अशाच प्रश्नांना उत्तरे दिली म्हणून त्यांच्यावर खटला झाला आणि १९३४ मध्ये आंबेडकर त्यांचे वकील म्हणून उभे राहिले. आज डॉक्टरवर खटला कोण भरणार आहे?

वर दिलेले ताठरतेचे आकडे पुरुषांचे आहेत, हे एव्हाना लक्षात आले असेल. ताठरता मोजता येते, म्हणून ती मोजली गेली. इच्छा मोजायला अवघड, आणि बाईची इच्छा तर मोजायच्या यादीतच फारशी नाही. त्याच गोळ्या बायकाही वर्षानुवर्षे घेतात. त्यांच्या बाबतीत सांगावे की नाही हा वादसुद्धा कुणी घातलेला नाही.