उतारावरचा निग्रह

मनावर ताबा ठेवणे म्हणजे नेमके काय, हे सांगताना भारतीय तत्त्वचिंतनाने रथाचा आधार घेतला आहे. कठोपनिषदात शरीर हा रथ, बुद्धी हा सारथी, मन हा लगाम आणि इंद्रिये हे घोडे मानले असून, लगाम आवरून धरणारा मुक्कामी पोहोचतो असे म्हटले आहे. परंतु या रूपकातला घोडा कधीतरी थकतो, वठणीवर येतो. उतारावर गाडीला कोणीच ओढत नसते; तिचे स्वतःचे वजनच तिला पुढे रेटते, आणि वजन थकत नाही.

अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यात, १९७३ साली खुला झालेला आयझेनहॉवर बोगदा सुमारे ३,४०० मीटर उंचीवर आहे. तिथून पश्चिमेकडे सिल्व्हरथॉर्न गावापर्यंतच्या तेराएक किलोमीटरांत महामार्ग सुमारे ७०० मीटर खाली येतो. पिकअप आणि तिच्यामागचा लादलेला ट्रेलर मिळून ९ टन भरत असतील, तर एवढ्या उतारात मोकळ्या होणाऱ्या ऊर्जेवर जवळपास २०० लिटर पाणी उकळीला आणता येईल. हवेचा आणि टायरांचा अडसर त्यातला काही वाटा खातो. उरलेली उष्णता कुठेतरी जावीच लागते. चालक सारखा ब्रेकवर पाय देऊन बसला, तर ती लायनर, डिस्क आणि ड्रममध्ये साठते, लायनरची पकड उतरते, ब्रेक ऑइल उकळून त्यात वाफेचे बुडबुडे होतात आणि पेडल तळाला टेकले तरी वेग कमी होत नाही. चालकाच्या निर्धारात येथे काही उणे नसते, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

म्हणून जाणता चालक माथ्यावरच, वेग हातात असताना, खालचा गिअर टाकतो, जेणेकरून चाकेच इंजिनाला फिरवू लागतात आणि त्या श्रमात वेग खर्ची पडतो. पेट्रोल इंजिनात आत येणाऱ्या हवेची वाट जवळपास बंद झाल्याने हा अडसर आपोआप मिळतो. डिझेलमध्ये तो तोकडा पडतो, म्हणून तेथे एक्झॉस्ट ब्रेक, म्हणजे बाहेर पडणारा धूर कोंडून इंजिनाला धाप लावणारी योजना, वापरतात. पायातला ब्रेक मग अधूनमधूनच, वेग ताशी आठएक किलोमीटरने उतरेपर्यंत नेटाने दाबायचा आणि पूर्ण सोडून द्यायचा, की त्याला निवायला उसंत मिळते. याच्या अगदी उलट खोड पुणेकरांना ठाऊक आहे: कात्रजच्या नव्या बोगद्यापासून नवले पुलाकडे उतरताना चार पैशांचे डिझेल वाचावे म्हणून ट्रक न्यूट्रलवर सोडण्याची.

निर्धार असूनही वेग आवरत नाही, हाच पेच भगवद्गीतेच्या तिसऱ्या अध्यायात आहे. प्राणी आपापल्या प्रकृतीप्रमाणे वागतात, तेथे निग्रह काय करणार, असे विचारून लगेच पुढच्या श्लोकात राग आणि द्वेष यांच्या कह्यात जाऊ नये असे बजावले आहे. राग म्हणजे येथे संताप नव्हे, ओढ. निग्रह जर निरुपयोगी, तर हे बजावणे कशासाठी? शंकराचार्य भाष्यात त्यावर, शास्त्रमार्गाला लागलेल्याने आधीच रागद्वेषांच्या ताब्यात जाऊ नये, असे म्हणतात. हे ‘आधीच’ वाचकाच्या नजरेतून सहज निसटते, पण पेच सुटतो तो त्याच शब्दापाशी. प्रकृती म्हणजे पूर्वसंस्कारांचा साठा. तो एकदा वेगाला लागला की निग्रह तापून निकामी होतो, आणि माणसाच्या हाती असते ती वेग चढण्यापूर्वीची निवड. यात एक अवघड भाग असा, की ट्रेलर चढावर नेताना कमावलेली उंचीच उतारावर मागून ढकलते. साधकाची सिद्धी त्याला जड होते, ही परंपरेतली तक्रार तेवढी निराधार नाही.

तरीही ज्याचा माथ्यावरचा क्षण हुकला, त्याला हा अर्थ काहीच देत नाही. भक्तिमार्गाने तेथे कृपेची जागा ठेवली आहे. सिल्व्हरथॉर्नच्या उतारावरही, ब्रेक गेलेल्या गाड्यांसाठी रस्त्यालगत सुट्या खडीचे चढ बांधलेले आहेत. त्यात शिरलेली गाडी काही क्षणांत आसापर्यंत रुतून थांबते, चालक बहुधा वाचतो, आणि मग तिला खडीतून उपसून काढायला दुसरी, मोठी गाडी बोलवावी लागते.