फेल कोण होतं?

इंग्रजी शिकवण्यात हयात घालवलेले आमचे एक प्राध्यापक मित्र कुणाच्या फजितीवरची ‘एपिक फेल’ ही आरोळी ऐकली की खवळतात. क्रियापद ओढून त्याचं नाम केलं म्हणे. हा मुद्दा लटका आहे. ‘विदाउट फेल’मध्ये ते नाम शतकानुशतकं सुखाने नांदतंय. ‘एपिक’बद्दल मात्र ते रास्त बोलतात. महाकाव्यातलं अपयश म्हणजे कर्णाचं रुतलेलं चाक. तेच विशेषण आता करपलेल्या केकलाही लागतं.

मला खटकायचं ते त्यातलं हसू. कुणी घसरलं की आधी हात पुढे करायचा, की मोबाइल?

या आरोळीचं मूळ बहुधा ‘ब्लेझिंग स्टार’ या १९९८च्या जपानी व्हिडिओ गेममध्ये आहे. हरणाऱ्याला तो मोडक्यातोडक्या इंग्रजीत चिडवी. दहा वर्षांनी, सप्टेंबर २००८मध्ये, तेव्हाचे अमेरिकी अर्थमंत्री हेन्री पॉल्सन आणि मध्यवर्ती बँकेचे प्रमुख बेन बर्नान्के बुडत्या बँकांसाठी ७०० अब्ज डॉलरची योजना घेऊन अमेरिकी सिनेटच्या समितीपुढे बसले, तेव्हा मागच्या निदर्शकाच्या फलकावर एवढाच शब्द होता: ‘फेल’. इथे हसू खटकत नाही.

का खटकत नाही, याचा विचार करताना स्कॉट सँडेज या इतिहासकाराचं ‘बॉर्न लूझर्स’ हे पुस्तक आठवलं. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेत ‘फेल्युअर’ म्हणजे धंदा बुडणं, एक घटना. १८४१मध्ये लुईस टॅपनने न्यूयॉर्कला मर्कंटाइल एजन्सी काढली. गावोगावचे वार्ताहर व्यापाऱ्यांची पत कळवत, आणि सोबत चालचलणूक, व्यसनं, स्वभावही. ते सगळं जाडजूड वह्यांत उतरे, वर्गणीदारांना वाचून दाखवायला. दुकानावरचा शेरा दुकानदारावर सरकला, आणि शतक संपेपर्यंत ‘फेल्युअर’ हे माणसाचंच वर्णन होऊन बसलं.

मग ‘फेल’ने उलटी वाट धरली म्हणायची. तो केकला लागतो, भाषणाला लागतो, सरकारी योजनेला लागतो. करणारा उद्या दुसरा केक करायला मोकळा. ज्या शब्दाला मी निर्दय म्हणत होतो, तो ‘फेल्युअर’पेक्षा कितीतरी दयाळू निघाला.

हे प्राध्यापकांना ऐकवलं. ते म्हणाले, “आणि मोबाइलवर घेतलेला तो व्हिडिओ? दहा वर्षांनी नोकरी देणारा तो बघेल, तेव्हा त्याला केक दिसेल की माणूस?”

दोष कॅमेऱ्याचा, शब्दाचा नव्हे, असं म्हणून मी वेळ मारून नेली. पण टॅपनच्या वहीतलं ऐकायला निदान वर्गणी भरावी लागे.