नळीचा नाद

थोडं थांबा.

तंजावरची दुपार आहे. खिडकी अर्धी लोटलेली. पंखा हळू फिरतोय. समोर सतरंजीवर सायकलची एक फ्रेम आडवी ठेवली आहे.

चाकं नाहीत. हँडल नाही. सीट नाही. नुसती फ्रेम, इटलीत घडलेली, स्टीलची, जुनी.

घ्यायची की नाही, हे आत्ता ठरवायचं नाही. आत्ता फक्त तिच्याजवळ बसायचं.

श्वास आत. श्वास बाहेर.

आता पाहा.

पुढची आखूड नळी पाहा. तिच्यातून निघालेली वरची नळी पाहा. नजर तिच्यावरून हळू सरकू द्या, सीटच्या नळीपर्यंत. तिथून खाली, जिथे पेडलचा अक्ष बसतो तिथवर. तिथून तिरपी वर, पुन्हा पुढे. एक फेरी झाली.

पुन्हा एकदा जा. या वेळी आणखी हळू.

रंगाकडे लक्ष जातंय. जाऊ द्या. निळा आहे, कुठे कुठे उडालाय. कंपनीचं नावही दिसतंय, आणि ते वाचताच मनात शर्यती धावू लागतात. सायकलपटू एडी मर्क्स, मेक्सिको सिटी, १९७२, एका तासात ४९.४३१ किलोमीटर, कोल्नागोच्या सायकलवर. येऊ देत. जाऊ देत.

नाव मागे सरलं की नळ्या उरतात. नळ्यांजवळ राहा.

वरच्या नळीच्या मधोमध नखानं हलकेच टिचकी मारा.

ऐका.

बारीक, स्वच्छ आवाज येतो आणि विरत जातो. पूर्ण विरेपर्यंत थांबा.

आता तीच टिचकी नळीच्या टोकाशी मारा. आवाज बुजका होतो. कोलंबसच्या एसएल नळीत धातूची जाडी टोकांना ०.९ मिलिमीटर असते आणि मधे फक्त ०.६. बाहेरून काहीच कळत नाही, नळी सारखीच दिसते. ताण सांध्यापाशी येतो, म्हणून धातू तिथे जास्त ठेवलेला. कोलंबस म्हणजे आंजेलो लुइजी कोलोंबोनं १९१९ मध्ये मिलानमध्ये सुरू केलेला नळ्यांचा कारखाना. पुढे इटलीतल्या कितीतरी कारागिरांनी त्याच नळ्या घेऊन आपापल्या फ्रेमा जोडल्या.

पुन्हा टिचकी. मधे. मग टोकाशी.

या गावात वीणा घडवणारेही असेच कान लावून बसतात. फणसाच्या एकाच अखंड ओंडक्यातून कोरलेली ती एकांड वीणा. नादपेटी, दांडी, सगळं एका लाकडाचं, कुठे जोड नाही. आणि समोरची ही फ्रेम म्हणजे सगळे जोडच.

म्हणून आता जोडापाशी या.

पुढची नळी आणि वरची नळी जिथे भेटतात, तिथे स्टीलची एक खोळ आहे. तिला लग म्हणतात. दोन्ही नळ्या तिच्यात सरकवायच्या, तापवायच्या, आणि वितळलेलं पितळ किंवा चांदीचा मिश्रधातू त्या बारीक फटीत ओढला जाऊ द्यायचा. धातू आपोआप आत शिरतो. कारागीर फक्त ज्योत कुठे आणि किती वेळ धरायची, ते सांभाळतो.

लगच्या कडेवर बोटाचं टोक ठेवा. डोळे मिटा.

कड कुठे संपते आणि नळी कुठे सुरू होते, ते शोधा. सावकाश.

चांगल्या फ्रेमवर ती कड कानशीनं घासून इतकी पातळ केलेली असते, की बोटाला पायरी लागतच नाही, नुसता उतार लागतो. टोकाशी येऊन ती कड निमुळती होते. कुणीतरी उभं राहून, वाकून, तासभर इथे हात चालवलाय. मिलानच्या विगोरेली वेलोड्रोमखाली फ्रेमा घडवणाऱ्या फालिएरो मासींची कार्यशाळा होती. वर लाकडी ट्रॅकवर शर्यती, खाली ज्योत आणि कानस. मासींचं नाव उरलं. पण कितीतरी फ्रेमांवर ज्याचं नाव असतं त्याचा हात नसतो, आणि ज्याचा हात असतो त्याचं नाव नसतं. बोटाला मात्र तो हात कळतो. मला विचाराल तर फ्रेमची निवड इथे होते, या कडेवर.

बोट तिथेच असू द्या. दोन श्वास. तीन.

आता डोळे उघडा. खालच्या बाजूनं पाहा.

डाऊन ट्यूबवर, म्हणजे खालच्या तिरप्या नळीवर, पुढच्या जोडाच्या किंचित मागे, रंगाला आडवी सुरकुती आहे का? असेल तर ही फ्रेम कधीतरी जोरात आदळली आहे. ब्रेकच्या पुलाजवळ रंगाला फोड आलाय का? सीटच्या नळीत टॉर्च धरा. कावेरीकाठची ही दमट हवा स्टीलला आतून खाते. वरवरचा तांबूस गंज चालेल. पापुद्रे सुटत असतील तर नाही.

भीती नको, घाई नको. जे आहे ते फक्त पाहा.

आता रस्ता मनात आणा.

तिरुवैयारूचा रस्ता, तेरा-एक किलोमीटर. वडवारू नदी ओलांडा. वेण्णारू. वेट्टारू. कुडमुरुट्टी. मग कावेरी. चढ नाही, उतार नाही, पुलांची उंची तेवढी. कापणीच्या दिवसांत डांबरावर भात वाळत घातलेलं असतं, आणि चाकाला कडेची खडी घ्यावी लागते.

या सपाट मुलखात शरीर एकाच बैठकीत खूप वेळ राहतं. त्या बैठकीची कल्पना करा. हात पुढे. पाठ लांब. मान सैल. खांदे कानाकडे ओढले जातायत का? जात असतील तर वरची नळी तुम्हाला लांब पडते. फ्रेमवर ५६ लिहिलंय म्हणून विश्वास ठेवू नका. कुणी मध्यापासून मध्यापर्यंत मोजतं, कुणी सीटच्या नळीच्या वरच्या टोकापर्यंत. टेप घ्या, स्वतः मोजा.

मागच्या चिमट्यातली जागाही बघा. २८ मिलिमीटरचा टायर मोकळा फिरेल का? शर्यतीच्या कितीतरी जुन्या फ्रेमांत फिरत नाही. अशी फ्रेम कितीही देखणी असली तरी या रस्त्यावर मनगटं दुखवेल.

पुन्हा श्वास. आत. बाहेर.

आता विचारा. मोठ्यानं नको, मनातल्या मनात. ही हवी आहे का?

उत्तराची घाई करू नका. नावाकडून आलेलं उत्तर लगेच येतं. बोटांकडून येणारं उशिरा येतं. दुसऱ्यासाठी थांबा.

नाही आलं, तर फ्रेम उचला, पुसा, आणि मालकाला परत द्या.

हो आलं, तर पेडलच्या अक्षाची जागा कॅलिपरनं मोजा. ७० मिलिमीटर भरली तर आटे इटालियन आहेत, आणि ६८ च्या इंग्लिश बेअरिंगच्या वाट्या तिथे बसणार नाहीत. इटालियन मापाच्याच मागवा. दोन्ही बाजूंचे आटे उजवे असतात, त्यामुळे चालवता चालवता उजवी वाटी सैल होऊ पाहते. ती बसवताना आटे स्वच्छ करा, ग्रीस लावा, आणि चांगली घट्ट आवळा.