नोंद कोणाची, गुपित कोणाचे?

२०१४च्या उन्हाळ्यात आयर्लंडमध्ये काही आठवड्यांच्या अंतराने दोन गोष्टी घडल्या. मे महिन्याच्या अखेरीस गॉलवे परगण्यातल्या ट्यूम गावाचे नाव जगभर गेले. स्थानिक इतिहासाच्या अभ्यासक कॅथरीन कॉर्लेस यांनी तिथल्या माता-बालगृहात १९२५ ते १९६१ या काळात दगावलेल्या ७९६ मुलांच्या मृत्यूच्या नोंदी निबंधक कार्यालयातून मिळवल्या होत्या. जवळजवळ कोणाच्याच दफनाची नोंद मात्र सापडत नव्हती. त्यानंतर जुलैमध्ये सरकारने जन्म, विवाह आणि मृत्यूच्या नोंदींची सूची इंटरनेटवर खुली केली आणि डेटा संरक्षण आयुक्तांनी हरकत घेताच त्याच महिन्यात ती बंदही केली.

एका ठिकाणी खुल्या वहीमुळे दडपलेले सत्य बाहेर आले, दुसऱ्या ठिकाणी तोच खुलेपणा धोक्याचा ठरला. नोंदींवर हक्क कोणाचा, या प्रश्नाचे उत्तर दोन शतकांत कसे बदलत गेले ते पाहिले, की या दोन्ही घटनांचा अर्थ लागतो.

फ्रान्सने १७९२मध्ये जन्म-मृत्यूची वही चर्चकडून काढून नगरपालिकेकडे दिली. इंग्लंडमध्ये १८३७पासून सरकारी नोंदणी सुरू झाली. आयर्लंडमध्ये १८४५पासून कॅथलिकेतर विवाहांची आणि १८६४पासून सर्वांच्या जन्म, विवाह, मृत्यूची नोंद होऊ लागली. वारसा, वय, विवाह यांचा पुरावा म्हणून या वह्या होत्या, आणि चार लोकांना पाहता आला नाही तर तो पुरावा कसला? म्हणून फी भरून कोणीही उतारा मागावा, असाच रिवाज पडला. खासगीपणाचा प्रश्न फारसा उठला नाही, कारण वहीपर्यंत पोचणेच कष्टाचे होते. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८९मध्ये याच गोष्टीला कायद्याचे वजन दिले. विखुरलेल्या कागदांत असलेली सार्वजनिक माहिती आणि तीच एका जागी गोळा करून ठेवलेली माहिती सारखी नव्हे, असे त्या न्यायालयाने मानले.

जनगणनेची गोष्ट वेगळी. तिथे सरकार घराच्या आत डोकावते, म्हणून बदल्यात गुप्ततेचे वचन देते. हे वचन अमेरिकेत ७२ वर्षांचे आहे, ब्रिटनमध्ये १०० वर्षांचे. आयर्लंडनेही १९९३च्या कायद्याने शंभर वर्षे ठरवली. पण त्या देशाची एकोणिसाव्या शतकातली जनगणना जवळजवळ संपूर्ण नष्ट झालेली आहे. काही कागद १९२२मध्ये डब्लिनच्या अभिलेखागाराच्या आगीत गेले, उरलेले खुद्द सरकारनेच आधी नष्ट केले होते. ही पोकळी भरून काढण्यासाठी १९०१ आणि १९११ची जनगणना १९६१मध्येच खुली करावी लागली. देशोदेशी पांगलेल्या आयरिश वंशाच्या लोकांना पूर्वजांचा माग काढायला निबंधकाच्या वह्या इतक्या मोलाच्या वाटतात, त्याचे कारण हेच.

नोंद ठेवणे हे निरुपद्रवी काम नाही, हे युरोप दुसऱ्या महायुद्धात शिकला. नेदरलँड्समधले लोकसंख्येचे दफ्तर अत्यंत काटेकोर होते. नाझींना त्याचा उपयोग झाला आणि तिथले सुमारे तीन चतुर्थांश ज्यू मारले गेले. २७ मार्च १९४३ रोजी प्रतिकार चळवळीतले काही जण पोलिसांच्या गणवेशात ॲमस्टरडॅमच्या नोंदणी कार्यालयात शिरले आणि त्यांनी तिथल्या दफ्तरात स्फोट घडवले. माणसे वाचवायची तर कागद जाळावे लागतील, अशी वेळ त्यांच्यावर आली होती. स्वतःच्या माहितीवर माणसाचा स्वतःचा ताबा हवा, हे तत्त्व जर्मनीच्या घटना न्यायालयाने १९८३मध्ये जनगणनेच्याच खटल्यात मांडले. २०१८पासून लागू झालेला युरोपचा डेटा संरक्षण कायदा याच विचारातून आला. तो मृतांना लागू होत नाही, आणि वंशावळीच्या अभ्यासाचा त्यात ऐतिहासिक संशोधन म्हणून स्पष्ट उल्लेख आहे.

आता पुन्हा २०१४च्या जुलैकडे वळू. त्या सूचीत हयात माणसांच्या जन्मतारखा आणि त्यांच्या आईचे माहेरचे आडनाव होते. बँका ओळख पटवण्यासाठी हेच दोन प्रश्न विचारत. आयुक्तांची हरकत रास्त होती. पुढे सूची परत आली ती मुदतीसह: जन्म १०० वर्षांनी, विवाह ७५ आणि मृत्यू ५० वर्षांनी. २०१६पासून त्या मुदतीपलीकडच्या मूळ पानांची छायाचित्रेही विनामूल्य पाहता येऊ लागली. अलीकडची सूची डब्लिनच्या वाचनकक्षात जाऊन चाळण्याची मुभा कायम राहिली. वंशावळ जुळवणाऱ्यांना हे बंधन जाचते, पण मला ते योग्य वाटते. अनोळखी माणसाने जरा थांबावे, एवढेच ते सांगते.

खरा अन्याय दुसरीकडे होता. आयर्लंडमध्ये दत्तक गेलेल्या मुलाचा मूळ जन्मदाखला आणि दत्तकाची नोंद यांना जोडणारी सूची बंद असे. जन्माची वही सर्वांना खुली, पण आपली नोंद कोणती हे ज्याचे त्यालाच सांगायचे नाही! अशी माणसे फक्त जन्मतारीख हाती घेऊन वाचनकक्षात बसत, त्या दिवशी जन्मलेल्यांची नावे उतरवून घेत आणि एकेक नाव खोडत स्वतःपर्यंत पोचत. जन्मदात्री कोण हे जाणण्याचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने १९९८मध्ये मान्य केला, पण आईच्या खासगीपणाशी त्याचा तोल सांभाळायला सांगितले. अखेर २०२२च्या कायद्याने जन्मदाखला मिळण्याचा हक्क दिला. आईला संपर्क नको असेल, तर तिची इच्छा मुलाला आधी समजावून सांगितली जाते, मग कागद हातात दिला जातो. संपर्काला नकार देण्याचा तिचा हक्क राहतो आणि मुलाला त्याचे नाव मिळते.

त्याआधी २०२०मध्ये माता-बालगृहांच्या चौकशी आयोगाचे दफ्तर ३० वर्षे बंद राहणार, अशी सरकारची भूमिका होती. लोक खवळले, आणि स्वतःची माहिती मागण्याचा हक्क युरोपच्या डेटा कायद्यानेच दिलेला असल्याचे सरकारला मान्य करावे लागले. म्हणजे खासगीपणाच्या कायद्यानेच बंद कपाट उघडले. ट्यूममध्ये २०२५च्या जुलैत उत्खनन सुरू झाले, त्याचा उगम मात्र निबंधकाच्या वहीतल्या साध्या ओळींत आहे: नाव, वय आणि कारण. गोवर, डांग्या खोकला, क्षय. त्या ओळी कोणीही मागू शकत होते, म्हणूनच त्या मुलांना कोणीतरी विचारणारे मिळाले.

आपल्याकडे १९६९च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यात कोणालाही नोंदीचा शोध आणि दाखला मागता येतो, फक्त मृत्यूचे कारण त्यात उघड करता येत नाही. २०१७मध्ये खासगीपणा मूलभूत हक्क ठरला, २०२३मध्ये डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा आला. इकडे कुलवृत्तांतांत हयात माणसांच्या जन्मतारखा छापल्या जातात आणि त्यांच्या पीडीएफ फोनवरून फिरतात. महाराष्ट्रातल्या संस्थांमधून परदेशी दत्तक गेलेली माणसे मोठेपणी आपले मूळ शोधत येतात. आयर्लंडला भोवलेले प्रश्न आपल्या दाराशी आहेत.

म्हणून वह्या बंद करताना किंवा उघडताना आपल्या कायदेकर्त्यांनी दोन प्रश्न विचारावेत: मागणारा कोण आहे, आणि लपवल्याने रक्षण कोणाचे होते आहे? हयात माणसाचे रक्षण होत असेल तर मुदत जरूर घाला. संस्थेची अब्रू झाकली जात असेल तर ती वही त्याच दिवशी उघडा. आणि स्वतःची नोंद मागायला आलेल्या माणसाला कोणत्याही कायद्याने परका ठरवू नये.